सासूबाईंनी सोडलेला भात

माझ्या पोटाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा सासूबाईंनी भात सोडला. मी पोट कापून घेतलं ते कमी खाता यावं म्हणून, आणि त्यांनी भात सोडला तो मला पुन्हा भरपूर खाता यावं म्हणून. आधी एकमेकांशी बोलणं झालं असतं तर हा घोळ टळला असता. पण बोलायचं नाही असं मीच ठरवलं होतं.

मी तारिहाळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. ओतीव लोखंडाचे भाग येतात, ते मोठ्या काट्यावर चढवायचे, वजन बघायचं आणि आत घ्यायचे, हे माझं बावीस वर्षांचं काम. घरचा वजनकाटा एकशेवीसला जाऊन थांबायचा. त्यापुढे त्याला काही सांगता यायचं नाही. म्हणून एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीत, सगळे कॅन्टीनला गेल्यावर, मी स्टोअरच्या काट्यावर उभा राहिलो. एकशे चौतीस. सकाळी पंपाचा एक भाग आला होता, तोही साधारण तेवढाच भरला होता आणि तो हलवायला आम्ही चेन पुली लावली होती. मी खाली उतरलो आणि कॅन्टीनला जाऊन जेवलो.

साखर होती, रक्तदाब होता, गुडघे होते. या सगळ्यांची सवय होते. पण एके दिवशी भर दुपारी सिग्नलला स्कूटरवर बसल्या बसल्या मला झोप लागली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला म्हणून जाग आली, आणि दिवा हिरवा होता की लाल ते मला कळेना. डॉक्टर म्हणाले, झोपेत श्वास अडकतो, रात्रीची झोप होत नाही, म्हणून दिवसा डुलकी लागते. पथ्य, चालणं, काढे, सगळं करून झालं होतं. पंधरा किलो उतरायचे आणि वीस चढायचे. शेवटी शस्त्रक्रिया ठरली. जठराचा मोठा भाग कापून काढायचा आणि एक अरुंद नळी तेवढी ठेवायची. सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांची चित्रकला बेताची होती, पण मुद्दा समजला.

लोकांना सांगायचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे, असं मी ठरवलं. लठ्ठ माणसाला सल्ला द्यायला ओळख लागत नाही. बसमध्ये शेजारी बसलेला माणूससुद्धा "रात्रीचं जेवण बंद करून बघा" म्हणतो. वजनासाठी ऑपरेशन म्हटल्यावर लोक काय म्हणणार ते मला पाठ होतं: त्यापेक्षा तोंडाला कुलूप घालायचं होतं. खड्यांचं तसं नाही. केशवापुरात आमच्याच गल्लीत चार घरांत खडे निघाले आहेत, त्यांना कोणी जाब विचारत नाही.

बायकोला हे पटलं नाही. "बाकी कोणाला काय सांगायचं ते सांगा," ती म्हणाली, "माझ्या अव्वाला कशाला फसवायचं?"

पण अव्वालाच, म्हणजे सासूबाईंनाच, तर सांगायचं नव्हतं. माझी सासुरवाड अळणावरजवळच्या एका खेड्यात. भाताचा मुलूख, दोन्ही वेळेला भात. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला मी तिथे चौदा पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या, वर दोनदा भात. दिसायला मी साधारण, पगार तेव्हा बेताचा, बोलायला येत नाही. त्या घरात माझं नाव झालं ते त्या चौदा पोळ्यांवर. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, माझा जावई जेवणारा आहे. वीस वर्षं मी ते नाव राखत आलो होतो. आता तेच पोट कापून टाकतोय, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे भात-भाकरी बंद. आहाराचं बघणारी एक तरुण मुलगी होती, ती दर दोन दिवसांनी फोन करून विचारायची, आणि शेवटी ठरलेलं एक कानडी वाक्य म्हणायची, "अन्न बेडा, सर." भात नको, सर. पावडर पाण्यात कालवून प्यायची. चव ओल्या खडूची. काचेत तीन चेंडू असलेलं एक यंत्र दिलं होतं, नळीतून श्वास ओढून ते वर उचलायचे. पहिल्या दिवशी एकच चेंडू उचलला गेला, तोही अर्धवट. मनाच्या डॉक्टरकडेही पाठवलं. त्यांनी विचारलं, "खाणं म्हणजे तुमच्या दृष्टीने काय?" मी म्हटलं, "जेवण." त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं.

ऑपरेशन झालं. पोटावर पाच छोटी भोकं, ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसची खांद्यात कळ, आणि उठून चाला म्हणणारी नर्स. सलाईनचा खांब धरून मी व्हरांड्यात चाललो. दुसऱ्या दिवशी पाणी मिळालं. औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढ्या कपात, पंधरा पंधरा मिनिटांनी एक. दोन कपांनंतर छातीखाली काहीतरी गच्च बसल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी पाण्याला नको म्हटलं.

त्याच दिवशी बायकोला माहेरून फोन आला. ती खिडकीशी उभी राहून बराच वेळ ऐकत होती. मग येऊन खुर्चीवर बसली.

"अव्वानं गावदेवीला नवस बोलून घेतलाय," ती म्हणाली. "जावई बरा होऊन माझ्या घरी, माझ्या हातचं पोटभर जेवेपर्यंत मी भाताला शिवणार नाही म्हणून."

मला हसू आलं, आणि हसल्यावर टाके दुखले. मी म्हटलं, "फोन करून सांग, आम्ही इथे पोटभर जेवलो."

"तिच्या घरी. तिच्या हातचं," बायको म्हणाली. "आणि तुमचं पोटभर म्हणजे किती, ते तिला पाठ आहे."

पुढचे दोन महिने मी घरी पातळ, मग घोटलेलं, मग मऊ असं वरच्या वर्गात चढत गेलो. गाळलेली पेज, वरणाचं पाणी, मिक्सरमधून काढलेली खिचडी. भूक म्हणून जी काही गोष्ट असते ती गेली. हे सुख असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. दिवसात फार वेळ उरायला लागला. पूर्वी सकाळी अकरापासून माझ्या डोक्यात दुपारच्या डब्याचा विचार असे, चार वाजता गिरमीट आणि मिरची भजी. आता चार वाजता फक्त चार वाजायचे. केस गळायला लागले. पट्ट्याला मी खिळ्याने नवीन भोकं पाडली. वजन दर आठवड्याला उतरत होतं आणि कारखान्यातले लोक मला काळजीने विचारत होते, "खडे मोठे होते काय?" मी म्हणायचो, बरेच होते.

तिकडे सासूबाईही उतरत होत्या. मेहुण्याने फोनवर सांगितलं. त्यांना दात चारच राहिलेत. भात हा त्यांचा आधार. आता ज्वारीची भाकरी ताकात भिजवून गिळतात, अर्धी होते, अर्धी ठेवून देतात. चालताना भिंत धरतात. हे ऐकल्यावर मात्र मला हसू आलं नाही. मी खोटं बोललो होतो माझी लाज राखायला, आणि त्यासाठी सत्तरीची एक बाई उपाशी राहत होती. तरीही मी फोन उचलून खरं सांगितलं नाही. प्रत्यक्ष गेल्यावर काहीतरी जमवू, असं म्हणत राहिलो.

मग अधिक महिना आला. आमच्यात या महिन्यात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालतात. धोंडे म्हणजे पुरण भरलेले कणकेचे उंडे. शिवाय तेहतीस अनारसे, ताटात दिवा ठेवून. हे बोलावणं टाळता येत नाही. शिवाय सासूबाईंनी मेहुण्याकरवी निरोप दिला होता: जावई आले की मी सुटले.

आम्ही बसने गेलो. दोघांच्या सीटवर बायकोला पहिल्यांदाच नीट जागा मिळाली. तिने पिशवीसुद्धा मध्ये ठेवली.

दारात मेहुणा म्हणाला, "दाजी, निम्मं झालासा की." सासूबाई मला खालपासून वरपर्यंत बघत राहिल्या. त्याही निम्म्या झाल्या होत्या. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या.

"खड्यांनी खाल्लं बघा माझ्या जावयाला," त्या म्हणाल्या. "आज बसा नीट. काय ऐकायची न्हाई मी."

पान वाढलं. चार धोंडे, तूप, कटाची आमटी, भाज्या, आणि मधोमध भाताची मूद, त्या घरच्या मापाची. सासूबाई चुलीकडे पाठ करून माझ्यासमोर बसल्या. मी भात आणि वरण कालवून छोटे छोटे घास घेतले, हळूहळू चावले. पाचव्या-सहाव्या घासाला पोट भरलं. अगदी खरोखर भरलं. मी म्हटलं, "पोट भरलं."

अडचण अशी की त्या घरात वीस वर्षं मी तिसऱ्या वाढपानंतर हेच वाक्य म्हणत आलो होतो, आणि त्यानंतर आणखी दोनदा जेवत आलो होतो. त्या वाक्याला तिथे काही किंमत उरली नव्हती.

"पाखरागत टिपलासा," सासूबाई म्हणाल्या. "असं भरतंय होय पोट? धोंडा फोडा की. लाजतासा कशाला?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी सासूबाईंच्या मनगटाकडे बघितलं आणि धोंडा फोडला. एक घास. मग त्या तूप घेऊन आल्या म्हणून दुसरा. गोड आणि तूप, दोन्हींची मला मनाई होती. दोन मिनिटांत छातीत कळ आली, कपाळाला घाम फुटला, हातापायांना कापरं भरलं. मी उठून कसाबसा परड्यात गेलो आणि खाल्लेलं सगळं केळीच्या बुंध्याशी टाकलं.

परत आलो तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता.

"खडे परत झाले," त्या म्हणाल्या. "देवीला भात कमी पडला. आजपासनं मीठबी बंद."

त्या हे अगदी शांतपणे म्हणाल्या, दुकान उद्यापासून बंद म्हणावं तसं. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "खडे नव्हते. कधीच नव्हते. वजन फार झालं होतं, बसल्या जागी झोप लागत होती, डॉक्टर म्हणाले असं फार दिवस चालणार नाही. म्हणून पोट कापून लहान करून घेतलं. तुम्हाला सांगायची लाज वाटली."

मेहुणा पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसाच उभा होता.

"म्हंजे खड्यांचं सांगून देवीपुढं मी खोटं बोलले?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही नाही. मी बोललो."

त्यांनी लेकीकडे बघितलं. "तुला ठावं होतं?" बायकोने होय म्हणून मान हलवली. सासूबाई आत निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. मला वाटलं, संपलं. वीस वर्षांचं जे काही होतं ते चौदा पोळ्यांसकट गेलं.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. हातात तुपाची वाटी होती, घासून पुसून कोरडी केलेली. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "किती मावतंय ते ह्यात दावा."

मी बोटाने अर्ध्याच्या थोडं वर दाखवलं. त्यांनी तेवढा मऊ भात त्यात घातला, वर वरण, तूप नाही. "सावकाश खावा. मी हाय हितंच."

पोट अजून दुखत होतं, म्हणून अर्धा तास थांबलो, आणि मग तेवढा भात खायला मला जवळजवळ तेवढाच वेळ लागला. त्या समोर बसून प्रत्येक घास बघत होत्या. वाटी रिकामी झाल्यावर मी म्हटलं, "भरलं." त्यांनी माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं आणि मान हलवली. आणखी घ्या म्हणाल्या नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदा. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण फार वाईट वाटलं. माझ्या जुन्या पोटासाठी जर मी कधी रडलो असेन तर तेव्हा, तेही आतल्या आत.

मग त्यांनी आपलं ताट घेतलं. भाताच्या पातेल्याला आधी हात लावून नमस्कार केला, देवीला की भाताला ते मला कळलं नाही. थोडा भात वाढून घेतला, वरण ओतलं आणि पहिला घास तोंडात ठेवून डोळे मिटून बसून राहिल्या. चावायला त्यांना काही लागलं नाही. तो भात संपायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

त्या बोटं चाटत होत्या. पातेलं माझ्या हाताशी होतं. मी डाव भरून घेतला. त्यांनी ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाल्या, "नको, नको, पोट भरलं."

मी हात बाजूला केला आणि वाढलं.