पापडांचा नकाशा

जगातल्या कुठल्याही भानगडीचं उत्तर एका कागदावर मावत नाही, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला: माझ्या बायकोचा थोरला भाऊ. नागपुरात ते एका कचेरीत नकाशे काढत आणि बोळापलीकडे, आमच्या समोरच राहत. उन्हाळ्यात बाजारात निघायचं तरी एका पारदर्शक कागदावर रस्ते, दुसऱ्यावर झाडं, तिसऱ्यावर दुपारची सावली काढत, आणि तिन्ही एकावर एक माझ्या आईच्या खिडकीच्या काचेला चिकटवून वाट ठरवत. ती वाट दुप्पट लांब पडते, हे मी मोजून दाखवलं. म्हणाले, "दुप्पट चाललो जावईबापू, पण तापलो निम्मेच ना?"

त्या वर्षी आईचा दमा बळावला. डॉक्टर म्हणाले, घर बदला. आई हलायला तयार नव्हती. सगळी आळी दूरच्या कारखान्याच्या धुराड्याला शिव्या देत होती. मेहुणे मात्र घरोघर फिरून गच्चीवर वाळत घातलेला तांदळाचा एकेक पापड मागू लागले.

"तळून देऊ?" एका बाईंनी विचारलं.

"नोको, कच्चाच द्या. त्याच्यावरची काजळी पाहून राहिलो."

"काजळी पाहाले माह्याच घरचा पापड सापडला काय तुम्हाले?"

एका कागदावर घरं, दुसऱ्यावर काजळी, तिसऱ्यावर वाऱ्याची दिशा. कागद काचेला लागले. धुराड्याकडच्या गच्च्यांवरचे पापड स्वच्छ होते; म्हणजे धूर आळीतल्याच कुठल्या तरी शेगडीचा. सगळ्यात काळा पापड मेहुण्यांच्याच घरचा निघाला. त्यांनी तिन्ही कागद काढून पुन्हा लावले.

"काहून पुन्हा लावून राहिले?" त्यांच्या बायकोनं विचारलं. "कोणाची शेगडी निघाली?"

"आपली."

बाकीच्यांच्या शेगड्या मोकळ्यावर पेटत. यांची दगडी कोळशाची शेगडी मात्र रोज चार वाजता, यांच्या चहासाठी, आईच्या खिडकीखालच्या बोळात धुमसत असे.

त्या दिवसापासून चारचा चहा बंद. संध्याकाळची शेगडी ते स्वतः उचलून मैदानात नेत आणि निखारे फुलले की परत आणत. दमा गेला नाही, पण आई रात्रभर झोपू लागली. घर बदलावं लागलं नाही.

पुढे काही वर्षांनी आमच्याकडे गॅस आला. पहिल्याच दिवशी चार वाजता आईनं चहा ठेवला आणि खिडकीतून त्यांना हाक मारली. कप घेऊन ते त्याच काचेपाशी उभे राहिले. एक घोट घेतला.

"धुराची चव नाही याले," म्हणाले, आणि सावकाश सगळा चहा प्यायले.