चित्रात बोटं नव्हती

"बोडकी दिसते," साहेब म्हणाले. त्यांनी बासरी टेबलावर गोल फिरवली आणि पेपरवेटला टेकवून ठेवली. "दिल्लीच्या प्रदर्शनात हिच्याकडे कोण बघणार? काहीतरी घाला हिच्या अंगावर."

मी समोर उभी होते. त्या शब्दाचा मला राग आला. त्याहून जास्त राग याचा आला, की साहेबांनी बासरी एकदाही फुंकली नव्हती, आणि फुंकून बघा असं मीही म्हटलं नाही.

वाशीमच्या हस्तकला ऑफिसात मी डिझाइन असिस्टंट होते. शिक्षण नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. चारचौघांत मराठीत बोलायचं म्हटलं, की मनात वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असे. म्हणून मी बोलत नसे, चित्रं काढत असे.

ती बासरी अनसिंगच्या तुळशीराम तायड्यांची. ते खरादी. म्हणजे खरादावर लाकूड फिरवून पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याच्या दांड्या करणारे. बासऱ्या ते हौसेने करत. बांबूच्या नव्हे, शिसमाच्या. बांबू मुळात पोकळ असतो. शिसमात लांब गिरमिटाने आरपार भोक पाडावं लागतं. गिरमिट जरा कलंडलं, की लाकूड वाया. वर रंग नाही, लाख नाही, एक रेघही नाही. तोंडापासून शेवटापर्यंत किंचित निमुळती होत गेलेली काळसर कांडी. नजर कुठे अडत नव्हती, म्हणून पुन्हा पुन्हा फिरत होती.

पण साहेबांनी सांगितलं आणि मी पेन्सिल घेतली. पूर्ण लांबीवर वेल काढली. प्रत्येक भोकाभोवती खाचांचं कडं काढलं, त्यातून वेलीची पानं बाहेर आणली. कागदावर छान दिसत होतं. खोटं कशाला बोलू, मला आवडलंही होतं.

"आता कशी नटली!" साहेबांनी अप्रूव्हडचा शिक्का मारला. आमच्याकडे अप्रूव्हड ड्रॉइंग म्हणजे कायदा. माल त्याबरहुकूम नसेल तर रिजेक्ट. आणि ज्याचा माल रिजेक्ट, त्याचं नाव कारागिरांच्या यादीतून कमी. यादीत नाव असलेल्यांनाच आमच्या शिफारशीवर जंगल डेपोतून शिसम मिळे. तायड्यांच्या दृष्टीने यादी म्हणजे लाकूड.

ड्रॉइंग घेऊन मी एसटीने अनसिंगला गेले. तायड्यांनी कागद उजेडाकडे धरला.

"हे भोकाच्या कडेले कायले घेतलं, बाई?"

"साहेबांनी पास केलंय."

"साहेब वाजवते काय?"

"नाही."

"तुमी?"

मी मान हलवली.

"मंग हे कोनाच्या बोटासाठी हाय?"

त्यांची बायको शेवंताबाई दारात तूर पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "साहेबाले खुळखुळा पायजे असन. बासरी कायले मांगून राह्यला मंग?"

तायडे हसले नाहीत. त्यांनी चीर गेलेली एक जुनी बासरी घेतली, चीर मेणाने बुजवली. "ठेवा बोट." मी भोकावर बोट ठेवलं. त्यांनी फुंकली. जाड, सरळ सूर आला. मग त्यांनी कानशीने भोकाच्या कडेवर दोन खाचा पाडल्या. "आता ठेवा." मी ठेवलं. सुराऐवजी फुसफुस आली, आणि बोटाखालून गार वारा निसटला.

इतकं सोपं होतं. बोटाला गुळगुळीत जागा लागते. साधेपणा हा तिथे शौक नव्हता, बासरी त्यावरच वाजत होती. माझ्या चित्रात बोटं नव्हती.

परत आल्यावर मी साहेबांना तोंडी सांगितलं नाही. टाइप करून नोट दिली: भोकांजवळ नक्षी नको, ड्रॉइंग बदलू या. दुसऱ्या दिवशी तिच्यावर लाल शाईत शेरा आला, 'ॲज पर ड्रॉइंग'. साहेबांचा राग तेव्हा आलाच. पण पुढच्या एसटीने अनसिंगला जाऊन "तसंच करा" असं सांगणारी मीच होते. त्याचा राग जास्त आहे.

तायड्यांनी चार वर्षं कुटारात, म्हणजे तुरीच्या भुशात, दाबून सुकवलेलं शिसम बाहेर काढलं. चाळीस बासऱ्या केल्या.

तपासणीला कन्याशाळेच्या संगीताच्या बाई आल्या होत्या. त्यांनी एक बासरी उचलली. फुसफुस. दुसरी. फुसफुस. तिसरी खाली ठेवत त्या म्हणाल्या, "हवा जातेय. कोमल-तीव्र सोडा, साधा सा लागत नाही."

साहेब तायड्यांकडे वळले. "काय हो, हे काम? सरकारला फसवता?"

तायड्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

"लिहून घ्या," साहेब मला म्हणाले. "वर्कमनशिप डिफेक्टिव्ह. नाव यादीतून कमी करावे. खाली सही करा."

"नाही."

आवाज इतका मोठा निघाला की शिपाई आत डोकावला.

"काय नाही?"

"काम चोख आहे. माझ्या कागदावर जिथे खाच आहे तिथेच त्यांनी कोरली आहे. एक सूत इकडेतिकडे नाही. चूक माझ्या ड्रॉइंगची आहे, आणि त्यावर शिक्का तुमचा आहे." मी फाइलमधून लाल शेऱ्याची नोट काढून संगीताच्या बाईंसमोर ठेवली.  

"तुम्ही बाहेर बसा."

"बसते. आधी सही करते."

तपासणीच्या कागदावर मी लिहिलं, 'ड्रॉइंग डिफेक्टिव्ह'. खाली माझं पूर्ण नाव. संगीताच्या बाईंनी पेन मागितलं आणि शेजारी आपली सही केली.

तायड्यांचं नाव यादीत राहिलं. मला उद्धट वर्तनाबद्दल मेमो मिळाला. बासऱ्या 'भिंतीवरील शोभेची वस्तू' म्हणून दिल्लीला गेल्या आणि तिथे एकही उरली नाही. साहेबांनी तश्शाच आणखी मागवल्या.

"लाकूड सरलं, साहेब," तायडे म्हणाले.

नंतर अनसिंगला गेले तेव्हा शेवंताबाईने कुटाराच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "हाय न एक ओंडका त्याच्याखाली. पन तो वाजनाऱ्याले."

त्या चाळीस बासऱ्या दिल्लीत कुणाच्या तरी भिंतींवर असतील. नटलेल्या आणि मुक्या. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आता कुठल्याही वस्तूचं ड्रॉइंग करताना मी कागदावर आधी हात काढते. हाताची जागा सोडून काही उरलं, तर मग वेल.