चावीकाकांच्या घरची कडी

चावीकाकांचं दुकान जिन्याखालच्या सांदीत होतं. किल्ल्या घासायचं मशीन, भिंतभर लटकलेल्या किल्ल्या आणि उरलेल्या जागेत स्वतः काका. कुलूप कसलंही असो, काका ते बोलता बोलता उघडायचे. पण नवरा-बायकोत वाजलेलं असलं आणि एक आत, एक बाहेर असला, की हेच काका दारापुढे चांगली मांडी घालून बसायचे. "फार जुनं कुलूप आहे हो," असं नव्याकोऱ्या कुलपाकडे बघून बिनदिक्कत सांगायचे.

मग बाहेरच्याच्या हातात बॅटरी द्यायचे. आतल्याला ओरडून सांगायचे, "दार तुटलं तर नुकसान तुमचंच, जरा दाबून धरा!" एकाच दाराला दोन बाजूंनी दोघं चिकटले, की आवाज आपोआप खाली यायचे. काकांचं ठाम मत होतं, की मदत घेणाऱ्याचं राहू द्या, मदत करणाराच आधी विरघळतो. ज्याच्यासाठी आपण घाम गाळला तो माणूस अगदीच टाकाऊ नसणार, असं मन स्वतःची समजूत घालतं. हे तत्त्वज्ञान ते गिऱ्हाइकाला किल्लीबरोबर फुकट द्यायचे.

घरी मात्र बाथरूमची कडी कधीपासून अडकत होती. दार खाली बसलं होतं, कडीला गंज चढला होता. काकू रोज सांगायच्या आणि काका रोज म्हणायचे, "उद्या बघतो."

त्या दिवशी पंख्याच्या वेगावरून भांडलेल्या एका जोडप्याकडे काकांची दुपार गेली. भांडण मिटलं, वर चहा झाला. काका स्वतःवर खूश होऊन घरी आले, तर घरात चिडीचूप. मग बाथरूममधून आवाज आला.

"आलात?"

"अगं, आत काय करतेस?"

"दुपारपासून अडकलेय. काय करणार, गाणी म्हणतेय! कुठे होतात?"

"ते पंख्यावरून भांडण..."

"मिटलं?"

"मिटलं."

"छान झालं. आता दार उघडा. मी बॅग भरून दादाकडे चाललेय, आणि परत येणार नाहीये."

काकू उगाच धमक्या देणाऱ्यातल्या नव्हत्या, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. दार उघडलं तर बायको जाणार, नाही उघडलं तर जीव खाणार. तरी त्यांनी पिशवी ओतली आणि कामाला लागले. तार घातली, पट्टी घातली, स्क्रूड्रायव्हर वाकवला. कडी ढिम्म हलेना.

"उघडत नाहीये गं."

"मला नका बनवू! वेळ काढताय. आता म्हणाल, दार जरा धर."

काका नेमकं तेच म्हणणार होते. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला आणि आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस दारासमोर रडकुंडीला आला.

"शप्पथ सांगतो, वेळ काढत नाहीये. काढला होता तो लग्नाआधी. तुझ्या भाड्याच्या खोलीचं कुलूप मी चुटकीसरशी उघडलं असतं. मुद्दाम अख्खी संध्याकाळ घालवली. तू बॅटरी धरून शेजारी उभी होतीस ना, म्हणून."

"किल्ली तेव्हा माझ्या पर्समध्येच होती," काकू म्हणाल्या.

काकांच्या हातातली पट्टी खाली पडली. "मग मला बोलावलंस कशाला?"

"रोज जिन्यावरून जाता-येता दिसायचात. नुसतं बघत किती दिवस काढायचे? आणि त्या संध्याकाळी किती ऐकत होतात माझं!" काकूंनी आतून दारावर बुक्की मारली. "आज घसा फुटेस्तोवर ओरडले मी. वाटलं, मी शेजारीण असते तर धावत आला असतात."

काकांचं तत्त्वज्ञान पार आटलं होतं. "चुकलं माझं," एवढंच ते म्हणाले. मग घाबरत घाबरत, "मी दार वर उचलून धरतो. तू कडी ओढशील? एकट्याच्यानं खरंच होणार नाही हे."

"धरा," आतून आवाज आला.

काकांनी दाराला खांदा लावला, आत काकूंनी कडीला हिसका दिला, आणि दार उघडून काका थेट बादलीत जाऊन बसले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. हसू दाबायचा आटोकाट प्रयत्न केला, पण खांदे हललेच. मग त्या आतल्या खोलीत गेल्या. कपाटाचं दार वाजलं. काकांनी बादलीतूनच डोळे मिटून घेतले. ती बॅगच काढत असणार.

काकू परत आल्या त्या एका हातात स्टूल आणि दुसऱ्या हातात धूळ बसलेलं पुडकं घेऊन. कधीकाळी काकांनीच आणून ठेवलेली नवी कडी होती त्यात. स्टूल दाराशी ठेवून त्या ऐसपैस बसल्या.

"बसवा," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश बसवा. मला बरंच बोलायचंय."