वच्छीचं घर दारापुढं उभं आहे

फोन आला तेव्हा मी गाडीत होतो. सकाळचे नऊ वाजून गेले असतील. टपावरची खिडकी उघडून झाली होती आणि बाकावरच्या गाद्या एकेक करून भिंतीला उभ्या करत होतो, तेवढ्यात माझा मुलगा दिगंबर नुसत्या मोज्यांवर घरातून बाहेर आला. खाली फरशीवर दव गोठलेलं. मी म्हणालो, "अरे दिगू, पायात घाल काहीतरी." तो म्हणाला, "नाना, हॉस्पिटलचा फोन होता..." पुढचं त्याच्या तोंडून निघालं नाही. निघायची गरजही नव्हती. मी हातातली गादी आधी नीट उभी केली, मग पायरी उतरलो. ती तशीच आडवी टाकून आलो असतो, तर वच्छी मला बोलली असती.

वत्सला, माझी बायको. मी वच्छीच म्हणायचो. तिला जाऊन सात आठवडे झाले. माझं शिक्षण चौथी, आणि हयात गेली ट्रकच्या स्टेअरिंगवर. लिहिणं हे माझं काम नाही. पण ती गेल्यापासून गावाकडून ज्याचा फोन येतो तो एकच बोलतो, "परक्या मुलखात, थंडीत गेली बिचारी." ते 'बिचारी' माझ्या घशाखाली उतरत नाही, म्हणून लिहायला बसलो. कोणाला राग आला तर येऊ द्या.

आम्ही निफाडकडचे. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी नात बघायला म्हणून आलो, आणि महिन्याभरात विमानंच बंद पडली. दिगू इथं डब्लिनजवळ ल्यूकनला राहतो, औषधाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. घर तसं बेताचं. तो कामावरून आला की वरच्या खोलीत वेगळा बसायचा, सूनबाईचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, नातीची शाळा सोफ्यावर. आम्ही दोघं कुठंही बसलो तरी कोणाच्या तरी मीटिंगमध्ये दिसायचो. एकदा वच्छी लसूण सोलता सोलता सुनेच्या साहेबाला दिसली, तर त्यानं हात हलवला. हिनंही लसणासकट हात हलवला.

दारापुढं दिगूचं मोटारहोम उभं होतं. म्हणजे आत झोपायला पलंग, दोन शेगड्या, बेसिन, छोटा फ्रीज असलेली गाडी. आदल्या वर्षी त्यानं जुनी बघून घेतली, फिरायला. पण आता दोन किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी, तेव्हा ती नुसती उभी. एप्रिलमध्ये एका सकाळी वच्छी पीठ, तवा आणि चहाची पातेली घेऊन त्या गाडीत गेली ती जेवायच्या वेळेपर्यंत आलीच नाही. मी बघायला गेलो तर बाई बाकावर पाय दुमडून बसलेली, समोर चहा, खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा. म्हणाली, "चाळीस वर्षं तुम्ही केबिनमध्ये एकटे राह्यले, आता माझी पाळी."

मी हसलो. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. लग्न होऊन आली ती माझ्या थोरल्या भावाच्या घरात, तिथं पीठ काढायचं तरी जावेला विचारून. मग नाशिकला भाड्याच्या खोल्या, मालक सांगेल तेव्हा नळ. मग मुलाचा पुण्याचा फ्लॅट, मग हे. सत्तर वर्षांची बाई, पण स्वतःचं म्हणावं असं एक दार तिला कधी मिळालं नव्हतं. मी मिळवून दिलं नाही, हे पण लिहितो. दिगूकडून तिनं गाडीची किल्ली मागून घेतली आणि कमरेला खोचली. भांडी तिच्या मनाप्रमाणं, मिठाचा डबा तिच्या मनाप्रमाणं. दुपारी मी जायचो तर मला म्हणायची, "या पाव्हणे." मी पाहुणा झालो होतो, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं.

ऑक्टोबर लागला तशी थंडी आली, आणि दिगूनं गाडी हिवाळ्यासाठी बंद करायचं काढलं. टाकीतलं पाणी काढून नळ उघडे ठेवायचे, नाहीतर गोठून पाइप फुटतात. ते वच्छीनं ऐकलं. फ्रीजचं दार किलकिलं ठेवायचं, तेही ऐकलं. पण तो म्हणाला वरून कव्हर घालून मार्चपर्यंत कुलूप, तेव्हा ती बसल्या जागेवरून म्हणाली, "कुलूप कसलं? मी राहू राह्यले ना इथं?" माझं मत विचारलं, तर मी म्हणालो ताडपत्री. जन्मभर मी माल झाकून नेला, साखर काय, खत काय, थेंब आत जाऊ दिला नाही. वच्छी माझ्याकडं बघून म्हणाली, "कांदा असा झाकते का कोणी? चाळीला खालून वारा लागतो, बाजूनं वारा लागतो, तवा तो टिकतो. तुमची ताडपत्री घाम धरंल आन् घर सडंल." मी म्हणालो, "अगं, हा कांदा आहे का?"  ती आपली स्वेटर, माकडटोपी चढवून, नळाला पाणी नाही म्हणून थर्मासमध्ये चहा घेऊन रोज गाडीत जात राहिली.

तिच्या हृदयाची झडप जुनी दुखणाईत. नाशिकच्या डॉक्टरांनी दहा वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं की फार दिवसांचा भरवसा धरू नका. नोव्हेंबरात दम लागला आणि नऊ दिवस हॉस्पिटलात राहिली. भेटायला बंदी होती. सून रडायला लागली, "नाना, आई परत त्या गारठ्यात जाऊन बसतील." तेव्हा मी तो उद्योग केला. दुकानातून निळी ताडपत्री मागवली, ट्रकवर आवळतात तशी चारी बाजूंनी आवळली आणि नायलॉनच्या दोराला माझ्या गाठी मारल्या. त्या गाठी दुसऱ्याला सुटत नाहीत, याचा मला अभिमान होता. तिच्या चांगल्यासाठीच केलं, असं मी स्वतःला सांगितलं.

घरी आली. टॅक्सीतून उतरली, ताडपत्रीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि मटण कापायची सुरी घेऊन बाहेर आली. हाताला हॉस्पिटलची पट्टी तशीच. मी म्हणालो, "वच्छे, थांब, मी सोडतो." म्हणाली, "तुम्ही बांधलं ना? मग लांब व्हा." एकेक दोर कापला. मध्येच चाकाला टेकून दम खायची, परत कापायची. कुंपणापलीकडं टॉम म्हणून म्हातारा शेजारी राहतो, तो कुत्रं घेऊन उभाच राहिला आणि ओरडला, "फेअर प्ले टू यू, मिसेस!" म्हणजे शाब्बास. हिला शब्द कळला नाही पण मतलब बरोबर कळला. सुरी वर करून दाखवली. ताडपत्री खाली आली तशी तिनं दार उघडलं आणि मला आत ओढलं. "घ्या वास." तेवढ्या दिवसांत भिंतींना घाम आला होता, गादीच्या कडेला काळे ठिपके धरले होते. मी मान खाली घातली. मग दोघांनी मिळून व्हिनेगरनं पुसून काढलं. ताडपत्री टॉमला देऊन टाकली, त्याच्या लाकडांवर घालायला.

त्या दिवसापासून मी तिच्या बाजूला गेलो. सकाळी नऊला खिडक्या उघडायच्या, गाद्या उभ्या करायच्या, दुपारी बाराला बंद करायचं. पंधरा दिवसांनी मी गाडी दोन हात पुढं-मागं करायचो, एकाच जागी उभी राहिली की टायर चपटतात. ती आत बसून राहायची, आणि उतरताना म्हणायची, "झालं, पंढरी नाही पण नाशिक तरी करून आले." सून बोलली, मुलगा बोलला, मी ऐकलं नाही. तिला दोन गोधड्यांत गुंडाळून मी रोज नेली आणि रोज आणली.

जानेवारीत ॲम्ब्युलन्स आली. तिला खुर्चीवरून नेताना तिनं कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "उघडत जा. अन् बाराला बंद करा, विसरता तुम्ही." एवढंच बोललो आम्ही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तो फोन.

अंत्यविधी थोरल्या भावानं फोनवर बघितला आणि म्हणाला, "त्या गाडीच्या थंडीनं मारलं वत्सलाला." मी म्हणालो, "तुझ्या घरात पंचवीस वर्षं ती उबेत होती, तेव्हा तू तिला कधी विचारलंस का, कशी आहेस?" त्यानं फोन ठेवला. ठेवू दे.

पण भावाचं सोपं. दिगूचं अवघड. मागच्या आठवड्यात तो म्हणाला, "नाना, शनिवारी एक जण गाडी बघायला येणार आहे. विकून टाकतो. रोज सकाळी खिडकीतून ती दिसते, आणि वाटतं, मी किल्ली दिलीच नसती तर..."

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले तुला?"

"म्हणाले, झडपच होती. थंडीचा काही संबंध नाही. मी तीनदा विचारलं."

"मग चौथ्यांदा मला कशाला विचारतोस? सत्तर वर्षं ती दुसऱ्याच्या दारात जगली. दहा महिने तिला घर होतं, ते तू दिलंस. दिलेलं घर विकतोस? मग येऊ दे त्या माणसाला. सांग त्याला, आत एक म्हातारा आहे, त्याच्यासकट घ्यावी लागेल."

दिगू वर निघून गेला. शनिवारी मी साडेआठलाच गाडीत जाऊन बसलो आणि आतून कडी घातली. खिडक्या उघडल्या, गाद्या उभ्या केल्या.  अकराच्या सुमारास दारावर टकटक झाली. मी आतून ओरडलो, "विकायची नाही!"

"नाना, मी आहे. त्याला नको म्हणून कळवलं."  गाडी त्याची, कागद त्याच्या नावावर, आई होती तेव्हा धाडकन दार उघडून आत यायचा. आज बाहेरूनच म्हणाला, "आईच्या घरात येऊ का?"

मी कडी काढली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही असेल. तो आत आला आणि गार वारं लागलं तसा मागं वळून दार लावायला गेला.

मी म्हणालो, "राहू दे उघडं. अजून बारा वाजायचेत."