त्या ग्रहावरचा कायदा मला आवडला होता

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या घरात रंगीत टीव्ही आला, तो थोरल्या जाऊच्या खोलीत गेला. घरात जे चांगलं यायचं ते तिकडेच जायचं. छताचा पंखा तिच्या खोलीत, रस्त्याकडची खिडकी तिच्या खोलीत, दुपारी पाठ टेकायला सासूबाईही तिच्याच खोलीत. माझ्याकडे गव्हाची कोठी, शिलाई मशीन आणि भिंतीपलीकडच्या कापडाच्या लूमची खडखड. नव्वदच्या दशकातली ती वर्षं आठवली की अजून माझा जीव जळतो, आणि मी ते लपवत नाही.

रविवारी दुपारी एक परदेशी मालिका हिंदीत लागायची. एक यान, त्यातली पाच-सात माणसं आणि दर आठवड्याला नवा ग्रह. माझ्या नवऱ्याला आणि दिरांना तिचं भारी वेड. मला त्या यानाशी काही देणंघेणं नव्हतं. मी बघायची ती तिथली कोर्टं. यानातलं कुणी ना कुणी कुठल्यातरी ग्रहावर खटल्यात अडकायचंच, आणि तिथले न्यायाधीश म्हणजे एकेक नमुने. एका ग्रहावर आरोपीला बोलूच द्यायचे नाहीत, कारण तो आपल्याच बाजूनं बोलणार. दुसऱ्या ग्रहावर आधी शिक्षा भोगायची आणि मग गुन्हा कळणार. एके ठिकाणी तर चोरीला आणि शिंकेला शिक्षा एकच. जांभळ्या तोंडाचे पंच निकाल द्यायचे आणि आमची अख्खी खोली हळहळायची.

सासूबाई तर थेट पडद्याशी भांडायच्या. "हाई कसं राज रे? मानुसले बोलू बी देतस नही!"

मी कोपऱ्यात भाजी निवडत मनातल्या मनात म्हणायची, बघा, कोण बोलतंय ते!

कारण मला त्यांनी बोलू दिलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणातली गोष्ट. आम्ही खानदेशातली माणसं; सुरतेत येऊन लूम चालवले तरी श्रावणात घरात कानबाई देवी बसतेच. नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, साडी नेसवायची, रविवारी पाटावर बसवायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर विसर्जनाला न्यायची. तिच्या नैवेद्याला रोट करतात, घरातल्या पुरुषांच्या नावानं मूठ मूठ घेतलेल्या गव्हाचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. घरात आलेल्या सुनेला चालतात, लग्न होऊन गेलेल्या लेकीला चालत नाहीत, आणि परक्याच्या तोंडी तर कणही जाता कामा नये.

माझ्या माहेरी कानबाई बसत नाही. मला हे कुणी सांगितलंही नव्हतं. त्या दिवशी माझा भाऊ गावाहून मला भेटायला आला, एसटीतून उतरून थेट, उपाशी. मी त्याच्या हातावर रोटाचा तुकडा ठेवला. सख्खा भाऊ परका असतो, हे माझ्या डोक्यात यावं तरी कसं? सासूबाईंनी पाहिलं. मी तोंड उघडेपर्यंत निकाल लागलेला.

"कानबाईले आते तू हात लावू नको."

किती वर्षं, ते त्यांनी सांगितलं नाही. भावानं तुकडा गिळला की थुंकला, तेही मला आठवत नाही. तो चहासुद्धा न घेता परत गेला एवढं आठवतं.

तेव्हापासून मी पुरणाला आणि भांड्यांना. कानबाई डोक्यावर घेऊन निघायचा मान थोरलीचा. रस्ताभर घराघरांतून बायका बाहेर यायच्या, तिच्या पायांवर पाणी घालायच्या, कुंकू लावायच्या. मला ते हवं होतं. पंखा नको, खिडकी नको, एकदा तो पाट माझ्या डोक्यावर हवा होता. माझ्या भावाच्या हातून जे काही बाटलं असं सासूबाईंना वाटत होतं, ते त्याशिवाय पुसलं जाणार नव्हतं. आणि थोरलीला तो पाट शोभायचाही किती! मान ताठ, चालणं संथ. मी मागून परात घेऊन चालायची आणि तिचा अंबाडा बघत राहायची. ती वाईट असती तर बरं झालं असतं. पण ती माझ्यासाठी सायीची वाटी झाकून ठेवायची, माझं डोकं दुखलं तर माझ्या वाटणीची भांडी घासायची. त्यानं तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग एका वर्षी कानबाईच्या रविवारी ती मालिका लागली. नैवेद्य झाला होता, ताटल्या हातात घेऊनच सगळे टीव्हीपुढे बसले. शेजारच्या खोलीतली यवतमाळकडची बाई नेहमीसारखी बघायला आली होती आणि थोरलीला खेटून बसली होती. तिला वेगळं ताट वाढलं होतं, त्यात पुरणपोळी होती, रोट नव्हता.

त्या दिवशीच्या ग्रहावर एक निळी ज्योत होती. तिला हात लागेल त्याला दगडांच्या माळावर एकटं सोडायचं. जाणून लागला की चुकून, हे विचारायचंच नाही. यानातल्या एकाचा हात चुकून लागला होता आणि कप्तान तिथल्या मुखियाशी तावातावानं वाद घालत होता. तेवढ्यात मुखियाच्या स्वतःच्या लेकीचा तोल गेला आणि तिचा हात ज्योतीला लागला. मुखिया उठला, लेकीकडे बघितलं आणि तिलाही माळाकडे बोट दाखवलं.

"कसाई शे हाऊ!" सासूबाई ओरडल्या. शेजारीण डोळे पुसायला लागली.

मला मात्र त्या ग्रहाचा हेवा वाटला. शिक्षा वाईटच होती, कबूल. पण लेकीला एक आणि परक्याला एक, असं तिथे नव्हतं.

आणि त्याच वेळी मी पाहिलं. थोरलीची नजर पडद्यावर होती. शेजारणीचा हात तिच्या गुडघ्यावर. थोरलीनं न बघताच आपल्या ताटलीतला रोट मोडला आणि रडणाऱ्या माणसाला काहीतरी द्यावं तसा त्या हातावर ठेवला. शेजारणीनं तो तोंडात टाकला. माझ्याखेरीज कुणाचंही लक्ष नव्हतं.

शेजारीण घरी जाईपर्यंत मी गप्प बसले, कारण तिचा काही दोष नव्हता. ती गेल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं. थोरलीनं आपल्या ताटलीकडे बघितलं आणि म्हणाली, "दिधं व्हई मी. ध्यानच नव्हतं."

सासूबाईंनी एवढासुद्धा वेळ लावला नाही. "जाऊ दे. टीव्हीम्हा ध्यान व्हतं तिन्हं. कानबाई समजी लेई."

मग माझा तोल सुटला. "मन्हा भाऊले मी दिधं तव्हय नही समजनी कानबाई? तव्हय मले बोलू बी नही दिधं! आत्तेच त्या मुखियाले कसाई म्हनं ना तुम्ही? त्यानी पोटनी पोर बी सोडी नही!"

नवरा मला गप्प बस म्हणून खुणावत होता. दिरांनी टीव्ही बंद केला. आणि मग थोरली सासूबाईंना म्हणाली, "मले बी तीच शिक्षा द्या, आत्याबाई. ती खरं बोलस."

म्हणजे तिथेही तीच मोठी ठरली. मला वाटलं, एकदा तरी हिनं भांडावं, खोटं बोलावं, म्हणावं की हिला चुकीचं दिसलं. पण नाही.

सासूबाईंनी उठून पाटावरच्या कानबाईची नथ सरळ केली. मग कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "उद्या धाकली लेई कानबाई."

सोमवारी सकाळी पाट माझ्या डोक्यावर आला. वाटलं होतं त्यापेक्षा जड होता. पुढे बँड, बाजूला फुगड्या, गुलाल. बायका माझ्या पायांवर पाणी घालत होत्या, कुंकू लावत होत्या, आणि प्रत्येक दारात मला एकच प्रश्न विचारत होत्या, "थोरली कोठे शे व? बरी शे ना?" मी म्हणायची, मांगे शे. थोरली मागे, माझी परात घेऊन चालत होती. सासूबाई माझ्या पुढे होत्या. थोडं चाललं की त्या वळून बघायच्या. मला वाटायचं, पाट नीट आहे का ते बघतायत. मग लक्षात आलं, त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जात होती.

मी जे मागितलं ते बरोबर होतं. आजही मागेन. भावाच्या त्या तुकड्याची भरपाई मला हवीच होती, आणि ती मिळाली.

तापीच्या काठावर नवऱ्यानं पाट उतरवून घेतला. माझ्या कपाळावर खोल वळ उमटला होता, घाम आणि कुंकू एकत्र डोळ्यांत उतरत होतं, समोरचं धड दिसत नव्हतं. सासूबाई पाण्यात उतरल्या, आपला पदर भिजवला आणि वर आल्या. माझ्याकडे येतायत असं वाटलं, म्हणून मी चेहरा पुढे केला. त्या माझ्या शेजारून पुढे गेल्या. थोरली रस्ताभर रडली होती. त्यांनी ओल्या पदरानं तिचं तोंड पुसलं, तिच्या हातातली परात काढून घेतली आणि तिला सावलीत बसवलं.

मी माझं कपाळ माझ्याच हातानं पुसलं.