मनगटावरची दोन बोटं

खुलताबादहून शहराकडं जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती नेहमी खिडकीशी बसायची. हातात पुरुषी, मोठं घड्याळ. घाट आला की डोंगर धुक्यात विरघळत जायचे आणि ती डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवून ओठ हलवत राहायची. जप करत असेल, असं मी धरून चाललो होतो. एकदा विचारलं, तर हसली.

"नाडी मोजते, सर. दरी दिसली की लई वाढती."

ती बीएस्सी झालेली, शेंद्र्याला कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होती. आता नर्सिंगला जायचं म्हणत होती. तेही नुकत्याच बारावी झालेल्या पोरींसोबत, पुन्हा पहिल्या वर्षापासून.

"मग बीएस्सीची तीन वर्षं वाया?" मी मास्तर, बोलून गेलो.

"घरीबी हेच म्हणत्यात," म्हणाली आणि खिडकीकडं वळली.

परवा घाटात शेजारच्या म्हाताऱ्या धनगरीण बाईला घेरी आली. हिनं तिला पाणी पाजलं, डोकं खांद्यावर घेतलं, मनगट धरलं. बाई तशीच झोपी गेली. नाक्यावर हिला रोज शेंद्र्याला नेणारी कंपनीची गाडी उभी होती. पण ही एसटीतून उतरली नाही. काचेतून ती गाडी हळूहळू निघून जाताना दिसली.

"अगं, आजचा खाडा होईल!"

घड्याळाच्या काट्यावरून नजर न हलवता ती म्हणाली, "सर, जरा गप बसा. मोजायलेय मी."

मी बाईचं गाठोडं तेवढं मांडीवर घेतलं.