दोन बॅगा केक

निवेदिता आगाशेला माणसांचा कंटाळा नव्हता. तिला त्यांची कीव यायची, आणि तीही फारशी चांगल्या मनाने नव्हे. इंग्लंडातल्या रीडिंगच्या मराठी माणसांची तर खासच. चौदा वर्षं तिने त्यांच्यात काढली होती, एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधत. त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग घटस्फोट झाला, नोकरी सुटली, आणि वेल्सच्या डोंगरात एम्रिस नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे महिनाभर घोडे सांभाळायला म्हणून गेली ती तिथलीच झाली. त्याला आता पाच वर्षं होत आली होती. बेटी नावाच्या ठेंगण्या, रुंद छातीच्या घोडीवर बसून ती एम्रिसची काळी गुरं वसंतात डोंगरावर चढवी आणि ऑक्टोबरात खाली उतरवी.

रीडिंगवाले तिला ‘गुराखीण’ म्हणायचे. तिच्या कानावर आलं होतं. तिचा जुना मॅनेजर यतीन तर चारचौघांत म्हणाला होता, “आमच्यात उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ, घोड्यावरून गाई हाकणारी ही एकच.” विनोद बरा होता. तिने तो मनात ठेवला होता, म्हणजे डूख धरून ठेवला होता.

या वर्षी मात्र घोडीच जायची वेळ आली होती. एम्रिसचा पुतण्या ह्यू पुढे शेत बघणार होता, आणि त्याला घोडी म्हणजे खायला काळ वाटे. डोंगरावर चढणारी चारचाकी क्वाड बाईक आहे, ड्रोन आहे, मग हे लाड कशाला? शेवटी एम्रिसने तोडगा काढला. क्षयाच्या चाचणीसाठी गुरांचा डॉक्टर दोन वाजता येणार होता. त्याच्या आत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस गुरं घोडीवरून खाली आली, तर बेटी राहील आणि निवेदिताही राहील. नाहीतर क्वाड.

नेमकी त्याच दिवशी वसुबारस होती. यतीनची बायको देवयानी हिला सवत्स गाय पुजायची होती, आणि ब्रिटनभर शोधून तिला निवेदिताचीच गाय सापडली. पूजा खरी तिन्हीसांजेची, पण एम-फोर हायवेच्या ट्रॅफिकपुढे शास्त्र काय टिकणार! मुहूर्त दुपारी दीडचा निघाला. निवेदिताने नाक मुरडून होकार दिला, कारण तिचंही एक काम होतं.

“यतीन, तू अ‍ॅबरगव्हेनीवरूनच येणार ना? दोन बॅगा केक घेऊन ये,” ती फोनवर म्हणाली. “गुरं फाटकातून आत घ्यायला लागतो. आमचा संपलाय.”

“केक? गुरांना?”

“हो, केक. एवढं तरी जमेल ना?” असं म्हणून तिने फोन ठेवला. मॅनेजर माणसाला अजून काय फोड करून सांगायचं!

तिथले शेतकरी ‘केक’ म्हणतात तो गुरांचा खुराक, कडक गोळ्यांचा. फाटकात उभं राहून पोतं खुळखुळवलं की पुढची गाय धावत येते आणि तिच्यामागे सगळा कळप.

सकाळी नऊला ती डोंगरावर चढली. खालचं धुकं मागे पडलं, वरचं सुरू झालं. नेच्यांच्या तांबूस झुडपांतून एकेक गाय, एकेक वासरू हुडकत, बेटीला आडवी घालत तिने कळप जमवला. दोनदा मोजला. एक्केचाळीस. पाऊण वाजता ती खाली निघाली तेव्हा तिच्या मनात एकच विचार होता: ह्यूचं तोंड बघायचं.

फाटकाजवळ आली आणि तिने आधी यतीनचं तोंड बघितलं. त्याच्या दोन्ही हातांत सुपरमार्केटच्या पिशव्या होत्या. शेजारी देवयानी जांभळ्या पैठणीत, हातात निरांजन आणि घंटी. एम्रिस रिकाम्या हातांनी, काही न सुचून उभा. म्हातारी मोडक्या शिंगाची गाय पुढे होती. ती कान टवकारून पोत्याच्या आवाजाची वाट बघत थबकली. देवयानीला वाटलं गोमाता प्रसन्न झाली. तिने घंटी वाजवली.

गाय गर्रकन वळली. निवेदिताने बेटीला टाच मारली, उतारावर आडवी घातली, ओरडली. एम्रिस हात पसरून पुढे झाला. सत्तावीस कशीबशी आत गेली. वासरं धरून चौदा गुरं नेच्यांत घुसली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

“अगं, एगलेस आणलाय मुद्दाम,” यतीन चाचरत म्हणाला. “पायनॅपल.”

“पायनॅपल!” निवेदिता घोडीवरूनच कडाडली. “शंभर माणसं हाताखाली बाळगतोस आणि गायीला क्रीमचा केक? काय डोकी आहेत तुमची! हात जोडते, पुन्हा या डोंगरात पाय ठेवू नका.”

देवयानीने निरांजन खाली ठेवलं. तिचे डोळे भरले होते. एम्रिसने पिशवीतला गुलाबी खोका बघितला आणि सगळं ओळखलं.

“तू त्यांना सांगितलं होतंस का,” त्याने शांतपणे विचारलं, “केक म्हणजे काय ते?”

निवेदिताला स्वतःचा केक आठवला. तिच्या इथल्या पहिल्याच ऑक्टोबरात एम्रिस म्हणाला होता, फाटकाशी केक घेऊन ये. तिने गावातून जॅमचा स्पंज केक विकत आणला होता आणि नीट कापून, बशीत घालून चिखलातून नेला होता. एम्रिस हसला नव्हता. त्याने हात धुतले, फाटकावर बसून दोन तुकडे खाल्ले, छान आहे म्हणाला, आणि मग पोतं उघडून मूठभर गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या. ही गोष्ट त्याने ह्यूलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

“नाही,” ती म्हणाली. “नाही सांगितलं.”

डॉक्टरची गाडी वळणावर दिसली. मागे आवारात ह्यूने उरलेल्या चौदांसाठी क्वाड सुरू केली होती. फाटकाच्या सगळ्यांत जवळ निवेदिताच होती. ती बेटीवरून उतरली आणि तिने त्याच्यासाठी फाटक उघडलं.